वल्ह्याच्या पाण्यात विजेचा पंखा

हिंजवडीला वळसा घालून जाणारी मुळा नदी वर मुळशीला धरणाने अडवली गेली, तेव्हा तिचे पाणी घाट उतरून कोकणात वळले. १९२७ मध्ये टाटांचे भिरा वीजगृह सुरू झाले आणि मुळेच्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली.

ती सहजासहजी गेली नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळातल्या शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. त्याच लढ्यात पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. शेवटी भाताची खाचरे बुडालीच. नांगराच्या शिवारावर आता होडी चालू लागली, तीही हाताच्या बळावर.

तिकडे कोकणात स्वातंत्र्यानंतर कोळ्यांच्या शिडाच्या होड्यांवर डिझेल इंजिने चढली. धरणातल्या लहान होडीला एवढा खर्च परवडत नाही. वर इंजिनाच्या धडधडीने मासा बुजतो. विजेचा मार्ग मात्र जुनाच आहे. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूवेने पॅरिसच्या सेन नदीत विजेवरची होडी चालवली. तिची मोटर सुकाणूलाच बसवलेली होती. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या फार्गोच्या ओ. जी. श्मिटने फोर्ड मॉडेल-ए गाडीच्या स्टार्टर मोटरला पंखा जोडला. गळ लावून संथ फिरणाऱ्यांसाठीची आजची ‘ट्रोलिंग मोटर’ त्यातूनच घडली.

आता हिशेब. ५५ पौंड रेट्याची, १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास पुरते. पण शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, त्यामुळे हाती एकच तास उरतो. वेग निम्मा केला की करंट झपाट्याने उतरतो आणि तेवढ्याच बॅटरीत कितीतरी जास्त वेळ फिरता येते. वजनही मोजावे लागते: अशी बॅटरी जवळपास तीस किलोची, म्हणजे जाळे आणि मासळीचा तेवढा भार कमी घ्यायचा. लिथियमची निम्म्याहून हलकी, पण महाग.

शांत जलाशयात जाळ्याच्या ओळीने सरकायला ही मोटर सोयीची. दोन्ही हात जाळ्याला मोकळे राहतात. हिंजवडी-वाकडकडच्या मुळेत मात्र जलपर्णी पंख्याला गुंडाळते. तिथे मोटर वर उचलून पाती मोकळी करायची आणि तोवर होडी वल्ह्यानेच सावरायची.