सातबाऱ्यावरचा "आकार" आला कुठून?

सातबाऱ्यावर क्षेत्राबरोबर "आकार" म्हणून थोडे रुपये-पैसे लिहिलेले असतात. तो आपला जुना शेतसारा.

कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल साहेबानं आधी मोजणी केली, पण सारा एवढा चढा लावला की लोकं जमिनी टाकून गेली. मग 1836 ला शेजारच्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं प्रतवारी करून 30 वर्षांसाठी सारा बांधून दिला. तीच पद्धत पुढं आपल्या सोलापुरात आली. पावणेदोन हात खोल चांगली काळी म्हणजे 16 आणे. खोली कमी तसे आणे कमी, पार 2 आण्यापर्यंत. चुनखडी, उतार असला की अजून खाली. (आज माती परीक्षणाला पुडी देताना खोली कोण सांगतं?)

हा आकार आकारबंदात सापडतो, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. बांधाचं भांडण कोर्टात न्यायच्या आधी तिथूनच टिपणाची नक्कल काढा, सातबाऱ्यात हद्दीची मापं नसतात. भावाभावात हिस्से पडले असतील तर आकारफोड पत्रक बी मागा.

आणि 8अ मागायला ग्रामपंचायतीत जाऊ नका. 8अ तलाठ्याकडं, खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा. ग्रामपंचायतीचा तो नमुना 8, घरपट्टीचा.