‘शुगर-फ्री’ पदार्थ बॅक्टेरियाला पचतात का? पाकिटावरचे नंबर असे वाचा

मी तापीकाठच्या सारंगखेड्याचा. आमच्या शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरला साखर कारखाना आहे. त्यामुळे ऊस तोडला की लवकर गाळपाला गेला पाहिजे, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. पडून राहिला तर साखर उतारा घसरतो. याचं एक कारण म्हणजे ल्युकोनोस्टॉक हे बॅक्टेरिया. ते उसाच्या कापलेल्या टोकातून आत शिरतात, साखर खातात आणि आम्ल व डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात.

ऑक्सिजन न वापरता साखर मोडून ऊर्जा मिळवायची, यालाच किण्वन म्हणतात.

तोंडात काय होतं?

दातांवरचे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हे बॅक्टेरिया साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. कीड लागते ती अशी.

साखरेचा रेणू बदलला तर?

प्रत्येक साखर मोडायला ठरावीक एन्झाइम लागतं. रेणूत थोडा बदल झाला तरी ते एन्झाइम चालेलच असं नाही. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस क्लोरीन जोडलेल्या साखरेवर काम करत होते. ‘तपासून बघ’ म्हटलेलं त्यांनी ‘चाखून बघ’ असं ऐकलं, असा किस्सा सांगतात. त्यातून सापडलं सुक्रालोज. त्यात तीन क्लोरीन अणू असतात आणि ते साखरेपेक्षा सुमारे ६०० पट गोड लागतं. तोंडातले बॅक्टेरिया त्याचं आम्ल बनवू शकत नाहीत.

पाकिटावर हे नंबर शोधा

अक्षरं बारीक असतात, फोनचा कॅमेरा झूम करा.

- ९५५ (सुक्रालोज): दातांना त्रास नाही. पण त्याच्या पावडरीत माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर त्याचं किण्वन होतं.
- ९६७ (झायलिटॉल): म्युटन्सला यातून ऊर्जा मिळत नाही. कुत्र्याला मात्र चुकूनही देऊ नका, त्याच्यासाठी ते विष आहे.
- ४२० (सॉर्बिटॉल): म्युटन्स हे खातात, पण हळूहळू.
- ९६५ (माल्टिटॉल): हे आणि सॉर्बिटॉल आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत. उरलेलं मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आंबवतात, गॅस होतो. जास्त खाल्लं तर जुलाबही.

म्हणजे ‘शुगर-फ्री’ लिहिलंय म्हणून अख्खं पाकीट एकदम संपवू नका. आधी नंबर बघा, मग किती खायचं ते ठरवा.