परवाना आणि पारख

पुण्याहून बेंगळुराकडे जाणारा हमरस्ता कागल मागे टाकून दूधगंगा ओलांडतो आणि लगोलग कोगनोळी लागते. आज येथे दोन राज्यांची शीव आहे. १९५६ पूर्वी निपाणीचा हा मुलूख मुंबई राज्याच्या बेळगाव जिल्ह्यात होता. आणि १९४९ पर्यंत या टापूत सरकारी हद्द व कोल्हापूर संस्थानची हद्द एकमेकींत गुंतलेल्या असत. एकीकडे कायद्याचा अंमल, दुसरीकडे दरबारच्या हुकुमाचा. हरणाची शिकार करण्यास लायक कोण, या प्रश्नाला दोन्हीकडे वेगवेगळी उत्तरे मिळाली.

इंग्रजी कायद्याचे उत्तर कोरडे होते. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वनकायद्याने राखीव रानात नियमांविरुद्ध शिकार करणे हा गुन्हा ठरविला. १९१२ च्या कायद्याने हरणांसाठी मनाईचा काळ ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला. पहिल्या अपराधास दंड फार तर पन्नास रुपये! रान कोणाचे, ऋतू कोणता, बंदुकीचा परवाना आहे काय, एवढीच विचारणा. नर कोणता व मादी कोणती हे शिकाऱ्यास ओळखता येते की नाही, त्याची गोळी वर्मी लागते की जनावर पोटात जखम घेऊन रानात तडफडत राहते, हे कोणी विचारलेच नाही.

जर्मनीत मात्र विचारतात. तेथे १९३४ च्या कायद्याने देशभर शिकाऱ्याची परीक्षा आली, आणि १९५२ च्या कायद्याने ती कायम राहिली. लेखी, तोंडी आणि नेमबाजीची. नेमबाजीत उणा पडलेला उमेदवार इतर विषयांतील गुणांवर तरून जाऊ शकत नाही.

कोल्हापुरात अशी परीक्षा नव्हती, पण पारख होती. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक आलेले शाहू महाराज शिकारीचे मोठे शौकीन. काळविटांमागे चित्ते सोडण्याची कला संस्थानात पुढेही चालली. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणविले गेले. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीवरून कळपाजवळ न्यावयाचा, कारण गाडीला काळवीट बुजत नाहीत. वारा कोठून आहे, गाडी किती जवळ न्यावी, टोपी केव्हा काढावी, हे सारे चित्तेवानाने जाणावयाचे. पकडलेल्या जनावराच्या गळ्यावरून चित्त्याची मिठी सोडविणे हे तर सर्वांत अवघड. कीर्ती राजाची होई. परीक्षा मात्र दर वेळी चित्तेवानाची.

आणि पारधी? बंदुकीवाचून, फाशांनी हरीण धरणारा, माग पाहून कळपाची वाट सांगणारा. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने कळपाकडे सरकत. हरणाची एवढी जाण कोणत्या साहेबाला होती? पण १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली विस्तारला आणि पारध्याच्या वाट्यास परवाना न येता हजेरी आली. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील ही हजेरी बंद केली व पारध्यांना आश्रय देऊन कामे दिली. शिकारी राजाला शिकाऱ्याची किंमत कळली, असे म्हणण्यास हरकत नाही. देशपातळीवर तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने काळविटास पहिल्या अनुसूचीत घालून पूर्ण संरक्षण दिले. ज्यांची शिकार परवान्याने करता येई, त्यांच्यातही मादी, पिल्लू आणि नव्या मखमली शिंगांचे हरीण मारण्यास मनाई केली. मोटारीतून वा दिव्याच्या झोतात मारणे निषिद्ध ठरविले. म्हणजे कायद्याने ओळख व रीत एवढी बारकाईने मागितली. तरीही परवाना देताना अधिकाऱ्याने त्यास योग्य वाटेल ती चौकशी करावी, एवढेच कलमात होते; परीक्षेचा उल्लेख नव्हता. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवानेच संपले.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदुकीचा परवाना मागणाऱ्यास शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट घातली. तोवर हरणाची परवानाधारक शिकार बंद होऊन पंचवीस वर्षे झाली होती.