पानथरीचा बचाव

१८७५ सालच्या एका रविवारी आग्र्यातील फुलर नावाचे इंग्रज वकील कुटुंबासह चर्चला निघाले होते. मोतद्दार वेळेवर हजर नव्हता, एवढ्या कारणावरून त्यांनी त्याला हाताने मारले व केस धरून ओढले. गाडी निघून गेली. मोतद्दार थोड्याच वेळात मरण पावला. त्याची पानथरी रोगाने वाढलेली होती व ती फुटली, असे वैद्यकीय तपासणीत आढळले. दंडाधिकारी लीड्स यांनी केवळ दुखापतीचा गुन्हा धरून ३० रुपये दंड केला. शिक्षा कदाचित सौम्य असेल, परंतु विशेष आक्षेपार्ह नाही, असा उच्च न्यायालयाचा अभिप्राय पडला.

वारंवार येणाऱ्या हिवतापाने पानथरी वाढते व नाजूक होते. मग लहानसा आघातही प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे नोकर, पंखेवाले व हमाल यांच्या मृत्यूच्या खटल्यांत हा बचाव वरचेवर पुढे येई. वस्तुतः १८६० च्या दंडसंहितेच्या २९९ व्या कलमाचे पहिले स्पष्टीकरण निःसंदिग्ध होते : आधीच व्याधिग्रस्त असलेल्या माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर ओढवणारा, त्या मृत्यूस कारण झाला असेच समजावे. मात्र सदोष मनुष्यवधासाठी हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हावी लागे, आणि बचावाला वाट मिळे ती येथेच. परंतु जो रोग घरोघर होता, त्याविषयीचे अज्ञान मालकाने कोणत्या तोंडाने सांगावे?

१८७६ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी लीड्स यांच्यावर जाहीर ठपका ठेवला. क्षुल्लक कारणावरून नोकरांवर हात टाकणाऱ्यांनी आपल्यावर गंभीर आरोप येऊ शकतो हे ध्यानात ठेवावे, असेही बजावले. यावर हिंदुस्थानातील इंग्रजी वृत्तपत्रांनी काहूर उठवले.

नुकसानभरपाईच्या दाव्यांत मात्र इंग्लंडच्या न्यायालयांनी हेतूचा प्रश्न बाजूस ठेवला. जखमी माणसाची कवटी पातळ किंवा हृदय दुर्बळ होते, ही सबब निष्काळजी माणसाला चालणार नाही, असे न्यायमूर्ती केनेडी यांनी १९०१ साली म्हटले. १९६१ साली लॉर्ड पार्कर यांनी तेच तत्त्व लावले. वितळलेल्या धातूचा थेंब उडून एका कामगाराचा ओठ भाजला होता; तेथे पुढे कर्करोग होऊन तो दगावला. त्याच्या मृत्यूची भरपाई मालकाला द्यावी लागली.

२०२४ साली अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते जुने स्पष्टीकरण कायम आहे. दुबळ्याचे दुबळेपण हा त्याचा अपराध नव्हे. आग्र्याच्या न्यायासनाने त्या मोतद्दाराच्या रोगाकडे पाहिले. त्याच्यावर पडलेल्या हाताकडे पाहण्यास ते चुकले.