नाव नसलेला धंदा

ज्या कामाला अजून नावच नाही, त्यात करिअर कसं करायचं? आज मोशन ग्राफिक्सचे कोर्स आहेत, सॉफ्टवेअर आहेत, नोकरीच्या जाहिराती आहेत. सॉल बासने सुरुवात केली तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

बासचा जन्म १९२०चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. चित्रकला तो आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकला. पुढे ब्रुकलिन कॉलेजात हंगेरियन डिझायनर जॉर्जी केपेश त्याला शिकवायला होते. त्यांच्यामुळे युरोपातला आधुनिक डिझाइनचा विचार त्याच्यापर्यंत पोचला. पोटासाठी मात्र सिनेमाच्या जाहिराती करणं चालू होतं. त्याच कामासाठी १९४६मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला.

१९५४ साली ऑटो प्रेमिंजरच्या ‘कार्मेन जोन्स’साठी त्याने ज्वाला आणि गुलाब असं चिन्ह काढलं. हे हललं तर, असा विचार निघाला आणि त्याची श्रेयनामावली झाली. पुढच्याच वर्षी ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ आला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या सरकतात आणि शेवटी त्यांचा वेडावाकडा हात होतो. व्यसनावरच्या सिनेमाचा सगळा ताण त्या हातात आहे. तोवर अनेक थिएटरांत नावं संपेपर्यंत पडदा उघडतही नसत. या सिनेमाच्या डब्यांवर म्हणे सूचना होती, की नावं सुरू होण्याआधी पडदा उघडा.

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर लिसाजू आकृत्या काढलेल्यांना ‘व्हर्टिगो’ (१९५८) ओळखीचा वाटेल. डोळ्यातून फिरत येणारी ती वळणं त्याच घराण्यातली. त्यांच्यासाठी बासने जॉन व्हिटनीची मदत घेतली. महायुद्धानंतर भंगारात निघालेल्या विमानवेधी तोफांच्या गणनयंत्रांपासून व्हिटनीने चित्रं काढणारी यंत्रं बनवली. १९६०मध्ये त्याने ‘मोशन ग्राफिक्स’ याच नावाची कंपनी काढली. म्हणजे कामाला नाव मिळालं ते काम सुरू झाल्यानंतर.

पण एवढ्यावर घर चालत नव्हतं. बासच्या ऑफिसचा मोठा आधार होता तो बोधचिन्हांचा. बेल टेलिफोनची घंटा (१९६९), युनायटेड एअरलाइन्सचं चिन्ह (१९७४), एटी अँड टीचा गोल (१९८३) ही त्याचीच कामं. मधली बरीच वर्षं श्रेयनामावल्या जवळपास थांबल्याच होत्या. त्याला पुन्हा बोलावलं ते त्याचे सिनेमे बघत वाढलेल्या पिढीने. मार्टिन स्कोर्सेसीच्या ‘गुडफेलाज’पासून (१९९०) ‘कसिनो’पर्यंत (१९९५) चार सिनेमांची नावं त्या ऑफिसातून आली.

‘त्या ऑफिसातून’ असं मुद्दाम लिहितोय. एलेन माकातुरा पन्नाशीच्या दशकात तिथे कामाला लागली, १९६१मध्ये दोघांचं लग्न झालं. ‘स्पार्टाकस’पासून (१९६०) ती या कामात बरोबरीने होती, तरी इतिहास बराच काळ एकट्या सॉलचाच लिहिला गेला. ज्या माणसाने इतरांची नावं लोकांना बघायला लावली, त्याच्याच शेजारचं एक नाव असं दिसेनासं व्हावं!

बास १९९६मध्ये गेला. आज आर्ट स्कूलमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना तो ‘शैली’ म्हणून शिकवतात, कापलेल्या कागदासारखे आकार आणि ठसठशीत रंग. ती नक्कल आज सॉफ्टवेअरमध्ये सहज जमते. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: दोन तासांच्या सिनेमात नेमकं काय आहे, हे आधी शोधायचं, आणि मगच ते हलवायचं.