गिरणगावचा पंडुरोग आणि एक अक्षर

१९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. तेथील गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी एक विलक्षण पंडुरोग होई. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, आकाराने मात्र फुगत, आणि कित्येकींच्या जिवावर बेते. परळच्या हाफकिन संस्थेत विल्सबाईंनी आधी जंतूंचा शोध घेतला. तो व्यर्थ गेला. मग त्यांनी या स्त्रियांच्या ताटाकडे नजर वळविली. तसाच निकृष्ट आहार उंदरांस दिला, तेव्हा उंदीरही पांडुर झाले. अखेर गुण आला तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे ‘मार्माइट’ नावाच्या एका स्वस्त पदार्थाने. १९३१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. पण त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे कोणास ठाऊक नव्हते.

१९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळे काढण्यात आले. पानास लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून नाव पडले फॉलिक आम्ल. पुढे आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते प्रयोगशाळेत तयार झाले.

हे जीवनसत्त्व करते तरी काय? मेथिल नावाचा अणूंचा इवलासा गट ते हमालासारखे वाहून नेते. तो गट ब-१२ जीवनसत्त्वाच्या मदतीने होमोसिस्टीनला मिळाला की त्याचे मेथिओनिन बनते. तेथून तो जनुकांवर जाऊन बसतो आणि कोणते जनुक जागे राहावे, कोणते निजावे, हे ठरविण्यास हातभार लावतो. हा गट वाहण्याजोगा करणारे एक विकर आहे. त्याच्या जनुकातील ६७७ वे अक्षर काही माणसांत बदललेले असते, असे १९९५ साली आढळले. आई व बाप दोघांकडून बदललेले अक्षर आले, तर विकर दुबळे पडते. गंमत अशी की, आहारात फोलेट भरपूर असेल तर या दुबळेपणाचा फारसा पत्ताही लागत नाही. ते कमी पडले, की होमोसिस्टीन चढू लागते. गर्भाच्या मज्जारज्जूतील व्यंगाचा धोकाही या अक्षराने वाढतो. असे मूल पूर्वी झालेल्या मातांना गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक आम्ल दिल्यास पुढील गर्भातील धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली सिद्ध झाले.

हृदयविकाराच्या बाबतीत मात्र निराशा झाली. होमोसिस्टीन उतरविले तरी झटके कमी झाले नाहीत, असे २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांत दिसले. या एका अक्षरावरून भविष्य वर्तविणाऱ्या तपासण्या आज विकल्या जातात. मला तरी त्या जन्मपत्रिकेहून फार निराळ्या वाटत नाहीत.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर मातांचा अभ्यास केला. त्यांतील दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते. फोलेटची उणीव मात्र केवळ एकीला होती. ज्या मातांचे फोलेट सर्वांत अधिक आणि ब-१२ कमी, त्यांच्याच मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला.