शेंदरी छातीचा दरारा

डिसेंबर १९३६. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं डार्टिंग्टन. आठ वाजत आलेत, तरी पुरतं उजाडलेलं नाही. ओल्या पाचोळ्यात तुमचे बूट रुतलेत. शेजारी डेव्हिड लॅक, वय २६, इथल्या शाळेत जीवशास्त्राचे मास्तर. रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात काम करून आलेल्या लेनर्ड एल्महर्स्ट यांनी पत्नी डोरोथीसह ही शाळा काढली.

झुडपातून बारीक, झिरपत्या पाण्यासारखं गाणं येतं. रॉबिन! आपल्या दयाळाहून लहान, जेमतेम चौदा सेंटिमीटरचा. पाठ तपकिरी, चेहऱ्यापासून छातीपर्यंत गडद शेंदरी. दुर्बीण पायांवर आणा. सेल्युलॉइडची रंगीत कडी दिसतील. त्या रंगांवरून कुठला पक्षी कोण, हे लॅक ओळखतात. त्याच नोंदींतून पुढे कळणार आहे, की यांचं सरासरी आयुष्य जेमतेम वर्षभराचं.

इतक्यात खालच्या फांदीवर दुसरा रॉबिन उतरतो. गाणारा मान ताणतो, छाती पुढे काढून डावी-उजवीकडे डुलतो. पाहुणा चालता होतो. तुम्ही ऐकत होतात ती हद्दीची ललकारी होती. आणि कडी सांगतात, ही मादी आहे. नर-मादी दिसायला सारखेच. हिवाळ्यात मादीही स्वतःची हद्द राखते, गाते. नाताळच्या शुभेच्छापत्रांवरच्या गरीब बिचाऱ्या रॉबिनपेक्षा मला ही खमकी बाई कितीतरी जास्त आवडते.

जानेवारीत या. ती नराच्या हद्दीत शिरते. तोही आधी दमदाटी करतो, पण ती हटत नाही, जोडी जमते.

आता वसंत. घरट्याजवळ लॅक पेंढा भरलेला रॉबिन ठेवतात. एक मादी त्याच्यावर तुटून पडते, चोची मारत राहते. तो उचलून नेल्यावरही परत येऊन जिथे तो होता त्या रिकाम्या हवेवर झडप घालते! नुसता लाल पिसांचा झुपका बांधला, तरी काही रॉबिन त्याला धमकावतात. ठिपकेदार तपकिरी पिल्लू पेंढा भरून ठेवलं, तर मात्र सहसा कोणी अंगावर जात नाही. लाल रंगच भांडण पेटवतो.

खऱ्या पिल्लांना ही सवलत थोडेच दिवस. उन्हाळा सरता सरता ठिपके झडतात, छाती रंगते, आणि मग तीही कुठल्यातरी झुडपावर बसून हद्द मागायला लागतात.